राखी बांधून मिटवलेलं

३० जानेवारी. वार्षिक अहवाल भरायला बसले होते. सावद्याजवळच्या आमच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये बायकांच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे. ऑफिसातली सगळ्यांत जुनी बाई मी, म्हणून अध्यक्षही मीच.

मालक दारातूनच म्हणाले, "मॅडम, तक्रारी शून्य टाका अन् पाठवून द्या."

"श्रावणातलं?"

"ते मिटलं ना! बहीण-भाऊ झाले ते. बहीण-भावाचं आता सरकारला कळवता का?" स्वतःच्या विनोदावर ते हसले.

श्रावणातलं असं होतं. टाकीवर केळीच्या फण्या धुणाऱ्या एका बाईच्या मागून जाताना सुपरवायझर थांबायचा, अंगाला हात लावायचा. बायकांनी मालकांना सांगितलं. मी तेव्हा राखीला धुळ्याला भावाकडे गेले होते. परत आले तोवर मालकांनी पेढे आणून, सगळ्यांसमोर तिच्या हातून त्याला राखी बांधून घेतली होती. आमच्याकडे अशी प्रकरणं अशीच मिटवतात. समेट करायचा की नाही हे कायद्याने बाईने सांगायचं असतं, तेही समितीपुढे. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी अर्ज दे म्हटलं तर ती म्हणाली, "ताई, आता त्याले भाऊ म्हटलं मी. लोक माह्याच तोंडात शेण घालतीन."

त्याने ती राखी सोडलीच नाही. केळीच्या चिकाने काळी पडली तरी मनगटावर होती. सहीला येऊन तो माझ्या टेबलावर हात टेकायचा, तेव्हा मी कागदाकडेच बघायचे. घरी भांडी घासतानाही मागे कोणी उभं आहे असं वाटून मी वळून बघू लागले होते. मी घाबरट बाई नाही.

अहवाल तसाच ठेवून मी टाकीवर गेले. ती फण्या धूत होती.

"शून्य लिहू का गं?"

तिने मान वर केली नाही. "तो घरी येतो, ताई."

"कोण?"

"भाऊ."

भाऊबीजेला साडी घेऊन आला. सासूने पाट मांडून ओवाळायला लावलं. तेव्हापासून येतो. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर असला की येतो. सासू म्हणते, तुझा भाऊ आला, चहा टाक. आणि स्वतः देवळात निघून जाते.

"काही करतो?"

"बसतो. मी जिकडं जाईन तिकडं पाहतो. दार उघडं राहू दे म्हटलं, त म्हणे, भावाचं भेव वाटतं का तुले?"

पाण्यातले तिचे हात थांबले होते. शेजारच्या बायकांचेही.

तक्रारीला घटनेपासून तीन महिने मिळतात. बाईला आधी देता आली नसेल, तर कारण नोंदवून समिती आणखी तीन देऊ शकते. तेही आता पुढच्या आठवड्यात संपत होते. हे मी तिला तिथेच सांगितलं. तिने हातातली फणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "सकाळी या. सासू देवळात जाते तवा."

मालकांना म्हटलं, "शून्य जाणार नाही."

"अहो, घर मोडेल तिचं."

"तिचं तिला ठरवू द्या. आणि तक्रार दाबली तर दंड तुम्हाला होतो, सुपरवायझरला नाही."

ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून तिच्या घरी गेले. तिने आतून कडी लावली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. वाचून दाखवल्यावर तिने दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली आणि सही केली. समितीतल्या बाकीच्यांना तिथूनच फोन करून दहाला बोलावलं. मग तिला मागे बसवून पॅकहाउसवर आणलं, आणि चौकशी संपेपर्यंत त्याला टाकीवरून हलवायचा तिचा विनंतीअर्ज टाइप करायला घेतला.