शेवटच्या प्रकरणाला चिमटा

"लेखकानं लबाडी केली!" असं म्हणत काका पुस्तक माझ्या टेबलावर आपटायचे. म्हणजे आपटायला जायचे. पण पुस्तक वाचनालयाचं आहे हे मध्येच आठवायचं आणि शेवटच्या क्षणी हात अलगद व्हायचा. मागून काकूंचा शांत आवाज यायचा, "लेखकानं नाही हो. तुम्ही पानं उलटलीत, वाचली नाहीत."

बिबवेवाडीत आमच्या गल्लीत तुम्ही कधी रविवारी सकाळी दळण टाकायला आला असाल, तर गिरणीच्या आवाजातून हे संवाद तुमच्याही कानावर पडले असतील. माझं वाचनालय गिरणीला लागूनच आहे. त्यामुळे आमच्याकडच्या पुस्तकांना पिठाचा वास येतो, अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. वासाचे वेगळे पैसे घेत नाही, एवढंच मी सांगते.

काका-काकूंची नावं कार्डावर आहेत, पण इथे सांगत नाही. दोघं फक्त रहस्यकथा वाचायचे, तेव्हा तेवढं रहस्य त्यांच्याबद्दलही राहू द्या. काकांचा जन्म मार्केट यार्डात एका अडत्याकडे गुळाचे व्यवहार बघण्यात गेला. काकू शाळेत शिक्षिका होत्या, विज्ञानाच्या. काकांचा माणसांवर पटकन विश्वास बसायचा आणि काकूंचा मुळीच बसायचा नाही. एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार उत्तम चालला होता.

त्यांची वाचायची पद्धत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही. पुस्तक एक, वाचणारे दोघं. दिवसा काका, संध्याकाळी काकू. पुस्तक घरी नेल्या नेल्या काकू शेवटच्या प्रकरणाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावायच्या. दोघांचं तिथपर्यंत वाचून होईस्तोवर तो काढायचा नाही, आणि संशय कुणावर आहे याबद्दल घरात अवाक्षर बोलायचं नाही. पूर्वी बोलायचे, पण मग शेवट कळल्यावर दोघंही "मी आधीच म्हटलं होतं" म्हणायचे आणि दोन दिवस अबोला. म्हणून साक्षीदार हवा होता. तो मान मला मिळाला.

रविवारी मार्केट यार्डातून भाजी घेऊन दोघं थेट माझ्याकडे. आधी काका वाकून माझ्या कानात एक नाव सांगायचे, मग काकू. मग दाराजवळच्या बाकावर बसायचं, चिमटा काढायचा आणि एका पुस्तकात दोन डोकी घालून शेवट वाचायचा. पायाशी पिशवीतून मेथी बाहेर डोकावत असायची. काकूंचं नाव बरोबर यायचं. काकांचं कधीच यायचं नाही.

साक्षीदारानं तयार असावं म्हणून मी प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण आधी वाचून ठेवू लागले. बाकीचं पुस्तक वाचायला वेळ कुणाला आहे? त्यामुळे मला ढीगभर खुनी माहीत आहेत. त्यांनी कुणाला मारलं ते मात्र विचारू नका.

काकांचा सिद्धांत सोपा होता. "घरात भाचा आहे ना? मग तोच. भाचा उगाच मामाकडे येऊन राहत नाही." भाचा नसला तर पुतण्या, तोही नसला तर जावई. काकू म्हणायच्या, "अहो, नात्यागोत्यावर काय जाता? जो पोलिसांना आपणहून चहा करून देतो त्याच्याकडे बघा." हे त्यांनी परीक्षेच्या वर्गांवर फिरून शिकलेलं होतं. कॉपी करणारी मुलं खाली मान घालत नाहीत, ती सरळ बाईंच्या डोळ्यांत बघतात, असं त्या सांगायच्या. "खरं बोलणाऱ्याला इतकं बघावं लागत नाही."

एकदा कुणा महाभागानं एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर पेन्सिलनं लिहून ठेवलं, 'खुनी डॉक्टर आहे.' त्या रविवारी काका इतक्या आत्मविश्वासानं आले की मला संशय यायला हवा होता. कानात म्हणाले, "डॉक्टर. शंकाच नको." काकूंनी वेगळं नाव सांगितलं. बाकावर शेवट वाचून झाला आणि काका भडकले. "लेखकाचं सोडा, हल्ली वाचकही लबाडी करायला लागले!" पेन्सिलवाल्यानं चक्क खोटं लिहिलं होतं. काकूंनीही ते वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "न विचारता इतकी मदत करतो म्हटल्यावर मी तिथेच डॉक्टरला सोडून दिलं." त्यानंतर मी पाटी लावली : 'पुस्तकात खुनी कोण हे लिहू नये. खोटं तर मुळीच लिहू नये.' लोक तिचे फोटो काढतात. पुस्तकं नेत नाहीत.

त्यांच्या मतांना मी मात्र मान देत असे. घरकामाची बाई खुनी निघाली की काकू पुस्तक तावातावानं परत करायच्या. "काही हरवलं की आधी बाईवर ढकलायचं. सोसायटीत तेच, कादंबरीतही तेच. लिहिणाऱ्यानं थोडे कष्ट घ्यावेत की!" काकांना वेगळीच गोष्ट खुपायची. "पहिल्या प्रकरणात माणूस मरतो आणि मग पुस्तक संपेपर्यंत त्याची कुणाला आठवण नाही. कुणी मारलं, कसं मारलं, सगळे तेच विचारत फिरतात. अहो, माणूस कसा होता, काय खायचा, कुणाशी गप्पा मारायचा, हे कुणी विचारेल की नाही?" काकू त्यावर म्हणायच्या, "तुम्ही तपासाला गेलात तर मयताच्या आवडीच्या भाज्या लिहून आणाल." दोघंही हसायचे. मीही हसले होते.

मग काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. उपचार झाले, सुया झाल्या, पण व्हायचं ते झालंच. समोरचं मधलं दिसेना, कडेकडेचं दिसे. माणसाचा चेहरा बघायचा तर त्यांना मान वळवून त्याच्या कानाकडे बघावं लागे. "सुरुवात दिसते, शेवट दिसतो, मधलं धुकं," त्या म्हणाल्या. "म्हणजे ताई, मी आता तुमच्यासारखी वाचक झाले." इतकं झाल्यावरही टोमणा मारायचं त्यांचं थांबलं नव्हतं, म्हणून मला जरा धीर आला.

बंगळूरच्या मुलानं फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. ती काकूंनी चार दिवसांत बंद केली. "ती बाई सगळ्यांशी सारखंच गोड बोलते. तिला कुणाचा संशयच येत नाही."

तेव्हापासून काका मोठ्यानं वाचायला लागले. आयुष्यभर गुळाचे भाव मोठ्यानं बोललेला माणूस, वाचणंही तसंच. अडखळायला नको म्हणून ते दुपारी पुढचं वाचून ठेवायचे, चिमट्याच्या पलीकडचंसुद्धा. आणि तिथेच फसायचे. शेवट माहीत असला की खुनी बोलायला लागला रे लागला, काका घसा साफ करायचे. "हं, कळलं," काकू म्हणायच्या. "पुढे वाचू नका आता."

काकांनी मग पुढचं वाचून ठेवणं सोडलं. आता दोघं एकाच वेळी एकाच ओळीवर असायचे. रविवारी पुन्हा दोन नावं माझ्या कानात पडू लागली, आणि पुन्हा काकूच जिंकू लागल्या.

एका रविवारी मी त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली. काकू पायऱ्या उतरेपर्यंत काका मुद्दाम मागे रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "ताई, एकदा तरी माझं बरोबर यायला हवं हो. जन्मभर ही म्हणाली, तुम्ही वाचत नाही. ते खरंच होतं. पण आता अक्षर न् अक्षर वाचतो मी, तिच्यासाठी. आता तरी यायला हवं ना?"

"काका, भाच्यांना सोडा, मग येईल," मी म्हटलं. त्यांनी पुस्तकाचं पान उघडून पात्रांची नावं बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "यात आहे भाचा!"

पुढच्या रविवारी दोघं आले नाहीत. गिरणीवाल्यानं सांगितलं, काका शनिवारी गेले. सकाळी दूध आणायला निघाले, जिन्यातच बसले. दवाखान्यात पोचले तेव्हा होते, दुपारी नव्हते. मी भेटून आले. घरात माणसं भरलेली होती, काकूंशी बोलणं झालं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी काकू एकट्या आल्या. दुकानांच्या पायऱ्यांच्या कडेकडेनं, हळूहळू. हातात भाजीची पिशवी नव्हती, पुस्तक होतं. चिमटा तसाच होता.

बाकावर बसल्या. मान वळवून, माझ्या कानाकडे बघत म्हणाल्या, "ताई, सगळे येऊन एकच विचारतात. कसं झालं, किती वाजता झालं, जवळ कोण होतं. हे म्हणायचे ते खरं. माणूस कसा होता ते कुणी विचारत नाही."

मी विचारलं, "काकांना भाजी कुठली आवडायची हो?"

"मेथी. पातळ, ताकातली. लसूण जास्त," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ सांगत राहिल्या. गिरणी चालू होती, तरी मला सगळं ऐकू आलं.

नंतर त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "शुक्रवारी आम्ही चिमट्यापर्यंत आलो होतो. रविवारी तुमच्याकडे यायचं होतं. शनिवारी दवाखान्यात नेताना रिक्षात माझा हात धरून म्हणाले, 'भाचाच आहे गं. ताईंना सांग.' नियम मोडला त्यांनी, पण म्हटलं, जाऊ दे." मग म्हणाल्या, "तुम्ही शेवट वाचलाय ना? भाचाच का?"

मी शेवट वाचला होता. खुनी कोण होतं ते इथेही लिहिणार नाही, पाटी माझीच आहे. पण भाचा नव्हता. कुठल्याच पुस्तकात नव्हता, यातही नव्हता.

"हो काकू," मी म्हटलं. "भाचाच." आणि म्हणता म्हणता घसा साफ केला.

काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे.

"सर्दी झालीय का तुम्हाला?"

"हो, जरा."

"आल्याचा काढा घ्या." त्या उठल्या, भिंतीला हात लावून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "बघा, वाचत होते हे. आणि माझंही नाव ऐकून ठेवा, साक्षीदार आहात. माझाही संशय भाच्यावरच होता."

हे सांगताना त्यांनी मान जराही वळवली नाही. जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे, सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

पुस्तक माझ्या कपाटात आहे, निळ्या चिमट्यासकट. कुणी मागितलं तर मी सांगते, शेवटची पानं फाटलीत.