आमची थर्ड पार्टी

गाडी मागे घेताना मी दूध सोसायटीची भिंत पाडली, हे खरं आहे. सगळी नाही, नुसता कोपरा. पण गावात अजूनही "मास्तरीणबाईनं डेअरी पाडली" असंच सांगतात. मी दरवेळी "कोपरा" म्हणून दुरुस्त करायला जाते आणि दरवेळी तोंडावर आपटते.

आमचं गाव धारूरच्या डोंगराकडेला, आणि तिथल्याच शाळेत मी शिकवते. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. पाण्याचा टँकर डेअरीसमोर यायचा. त्या दिवशी टँकर आणि माझी नवीकोरी जुनी गाडी समोरासमोर आली. टँकरवाला मागे घ्यायला तयार नव्हता, म्हणून मी घेतली. मागे बघायचं असतं हे मला शिकवलेलं होतं. पण समोरून सगळ्या गावाच्या बाया घागरी घेऊन पळत येत असताना मागे कोण बघणार? कोपरा ढासळला, पाटी लोंबकळली, दुधाचे रिकामे कॅन गडगडत टँकरखाली गेले आणि माझा बंपर फाटला. लागलं कुणालाच नाही, पण हसले सगळे.

हसल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून ह्याच डेअरीत दूध घालायच्या. बायांनी खिडकीबाहेर उभं राहायचं आणि आतून सेक्रेटरीनं सांगायचं, "फॅट कमी लागली." मग आत्या घरभर आदळआपट करायच्या. "माजी म्हस काय पाणी देती व्हय? एकदा त्या खिडकीच्या आतून बगायचंय मला, फॅट कशी कमी होती ते!"

त्या वर्षी तो योग आला होता. गावात पार्ट्या दोन, वरल्या आळीची आणि खालल्या आळीची. पण निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं जनावरांच्या छावणीत, भांडायला माणूसच शिल्लक नाही. म्हणून डेअरीची निवडणूक बिनविरोध करायची ठरली. बायकांच्या जागेवर आत्यांचं नाव आलं. वरल्या आळीनं सावधगिरी म्हणून आणखी एका बाईचा अर्ज भरून ठेवला होता, तो तेवढा माघारी घ्यायचा राहिला होता. निवडणूक झाली तर आत्यांच्या मागे कोणतीच आळी नव्हती, त्या पडणार हे नक्की.

अशा नाजूक वेळी मी विमा कंपनीला फोन लावला. गावात रेंज फक्त डेअरीच्या ओट्यावर येते, त्यामुळे आमच्याकडे खासगी असं काही बोलताच येत नाही. पलीकडच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "मॅडम, फर्स्ट पार्टी आहे की थर्ड पार्टी?"

मी ओरडले, "दोन्ही! फर्स्ट पार्टी पण आहे, थर्ड पार्टी पण आहे! फुल आहे, फुल!"

टँकरपाशी घागरी भरणाऱ्या बायांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

दिवस मावळेपर्यंत गावात बातमी पक्की झाली. मास्तरीणबाईनं तिसरी पार्टी काढली, फुल पॅनल तयार हाय, वरून पहिल्या पार्टीशीबी आतून बोलणं चालू हाय. वरल्या आळीच्या म्होरक्यानं जाहीर केलं की आता आपण अर्ज मागे घेत नसतो. आत्या छावणीतून तरातरा घरी आल्या.

"कावून गं, घरात पार्टी काढलीस आन मला पत्ता न्हाई?"

मी शाळेत समजावते तसं समजावलं. "आत्या, विम्यात पहिली पार्टी म्हणजे आपण. दुसरी कंपनी. आणि ज्याचं नुकसान झालं ती तिसरी."

"मंजी तिसरी पार्टी डेअरी?"

"हो."

"आन डेअरीत जाणार मी."

"हो."

"मंजी तिसरी पार्टी मीच हाय की!"

ह्यावर माझं शिक्षण संपलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. तो भिंतीचे फोटो काढू लागल्यावर हा निवडणुकीचा साहेब असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यात त्यानं मोठ्यानं विचारलं, "थर्ड पार्टीतर्फे इथं कोण आहे?" सगळा घोळका एक पाऊल मागे सरकला. सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "आमी न्हाई साहेब. आमी जुन्याच पार्टीतले."

सर्व्हेअरनं मला बाजूला घेतलं. बंपर प्लास्टिकचा, त्याचे कंपनी निम्मेच देणार. वर्षभर काही मागितलं नाही तर मिळणारी सूट जाणार. भिंतीचे पैसे हवे असतील तर आधी पोलीस, मग कोर्ट. "मॅडम, क्लेम मागे घ्या आणि भिंतीचं आपसात मिटवा," तो म्हणाला. म्हणजे एवढा हप्ता मी भरला तो मागायचं नाही हे शिकण्यासाठी. मला असा संताप आला की दुसरा बंपरही फोडावा.

पण "मागे घ्या" हे शब्द डोक्यात अडकले. अर्ज माघारीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आत्या सकाळपासून न जेवता उंबऱ्यावर बसून होत्या. मला ते बघवेना. मी डेअरीच्या ओट्यावर चढले आणि फोन लावला.

"मागे घेते! माघार! थर्ड पार्टीची पण माघार, फर्स्ट पार्टीची पण माघार!"

"मॅडम, स्वेच्छेने ना?"

"स्वेच्छेने! माझ्यावर कुणाचाही दबाव नाही!"

खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वरल्या आळीच्या म्होरक्यानं मोटरसायकलला किक मारली, अर्जवाल्या बाईला मागे बसवलं आणि तालुक्याची वाट धरली. त्या दिवशी रेंज अगदी छान होती, ओरडायची काही गरज नव्हती. मी मुद्दामच ओरडले.

आत्या बिनविरोध झाल्या. पहिल्या मीटिंगहून घरी आल्या त्या थेट माठाकडे गेल्या.

"आत्या, फॅटचं कळलं का?" मी विचारलं.

"कळलं. मशिन खरंच बोलतंय गं. वाळका चारा खाऊन म्हस तरी काय देणार?" त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मला त्यांचं आणि म्हशीचंही फार वाईट वाटलं. तांब्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आन भिंतीचा ठराव झाला. जिनं पाडली तिनं बांदून द्यायची. सूचक मीच हाय."

"आत्या! तुमच्यासाठी मी ओट्यावर चढून गळा फाडला!"

"त्ये तू सून म्हणून केलंस, लई चांगलं केलंस," आत्या म्हणाल्या. "मी थर्ड पार्टी म्हणून मागायले."