पाट्यावरचं यंत्र

देवपुरातला आधार बैसाणे इतका मऊ माणूस, की शिंप्याने बाही आखूड शिवली तर तो हात आखडून चालायचा. धुळ्याच्या पाटबंधारे कचेरीत त्याने वीस वर्षांत कुणाशी वाद घातला नव्हता. पण अठ्ठ्याण्णव साली हाच आधार भर बाजारात माझी सायकल धरून म्हणाला, "भाऊ, तबकडी वाचणारं यंत्र हलकं असलं, की सगळा घात होतो!"

कारण त्याचे वडील होते. झुलाल बैसाणे भीमगीतं गायचे. त्यांच्या फैजपूरच्या एका जलशाची कॅसेट तेवढी घरात उरली होती. ते गेल्यावर आधारने मुंबईला जाऊन तिची सीडी करून घेतली. शेवटचं गाणं उतरलं आणि जुनी फीत तुकडे तुकडे झाली. म्हणजे आता झुलालनानांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या हिरवट चकतीत. आणि आई द्रौपदाबाई, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेली, रोज विचारायची, "आधार, तुन्हा बापना आवाज कव्हय ऐकाडशी रे?"

पहिल्या प्लेअरवर दोन गाणी नीट वाजली. तिसऱ्यात नाना उचकी लागल्यासारखे अडखळले. मुंबईच्या जाणकाराने सल्ला दिला, की वाचायचं काम वेगळ्या यंत्राला द्या. त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात. ते फक्त तबकडी वाचतं, आवाज काढणारा डबा वेगळा. आधारला हे एका दमात कळलं. आवकच्या कारकुनाने पत्र चुकीचं वाचलं, तर साहेबाने कितीही सुंदर सही केली तरी काय उपयोग?

जुना ट्रान्सपोर्ट मुंबईहून आला. तो थरथरू नये म्हणून आधारने स्वयंपाकघरातला दगडी पाटा उचलून त्याच्याखाली घातला.

"वरवंटाही न्या," त्याची बायको मंदाबाई म्हणाली. "इथे एकटा बसून काय करेल तो? आणि चटणी मी तुमच्या यंत्रावर वाटते."

पाट्यावर बसूनही यंत्राने दुसऱ्याच गाण्यात मान टाकली. आधारला वाटलं, कूलरची ओल तबकडीला लागते आहे. आता आपल्याकडे ओल लागली की माणूस काय करतो? डाळ असो, मिरची असो, गोधडी असो, गच्चीवर टाकतो. धुळ्याचं ऊन फुकट आहे आणि भरपूर आहे. आधार दर रविवारी उडदाच्या पापडांच्या रांगेत सीडी ठेवू लागला, चकचकीत बाजू वर करून. वाऱ्याने उडू नये म्हणून मधोमध दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन. तिन्हीसांजेला पापडांबरोबर बापालाही खाली आणायचा, मलमलीने पुसायचा.

तरी गाणी कमीच होत गेली. मग लुना विकून दुसरा ट्रान्सपोर्ट आला, चौदा किलोचा. वरून झाकण उघडायचं, सीडीवर पितळी चकती दाबायची. रिक्षावाल्याने तो उतरवताना विचारलं, "काय शे, पिठाची गिरणी?" आधार हसलासुद्धा नाही. तो कचेरीत पायी जाऊ लागला होता, जेवण निम्म्यावर आलं होतं. नानांच्या पुण्यतिथीला आठ दिवस उरले होते आणि या यंत्राने पहिलं गाणंही पूर्ण वाचलं नव्हतं.

शेवटी चकती छातीशी धरून तो एस.टी.ने जळगावला रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या भाईदास मिस्त्रीकडे गेला. भाईदासने ती ट्यूबलाईटसमोर धरली. मधलं कडं हिरवट होतं, बाकी सगळी फिकट, आरपार दिसेल अशी.

"भाऊ, उन्हात ठेवली होती का?"

"दर रविवारी," आधार अभिमानाने म्हणाला. "दिवसभर. मधोमध वजन ठेवून."

भाईदासने चकती खाली ठेवली. "ही कंपनीत छापलेली सीडी नाही भाऊ, कॉम्प्युटरवर भाजलेली आहे. जुनी यंत्रं अशी सीडी आधीच अडखळत वाचतात. हिच्यात गाणं रंगात असतं. रंग उन्हाने खाल्ला. सीडी मधून बाहेर वाजते, म्हणून वजनाखाली झाकलेली सुरुवात तेवढी वाचली."

"याच्यापेक्षा चांगला ट्रान्सपोर्ट घेतला तर?"

"जे लिहिलेलंच नाही, ते कोण वाचेल?"

परतीच्या गाडीत आधार उभाच होता. शेजारी सीट रिकामी होती. कंडक्टरने दोनदा सांगितलं, त्याला ऐकू गेलं नाही.

पुण्यतिथीला त्याने आईला पाट्यासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पापड, वजन, ऊन. मंदाबाईने तोंडात पदर धरला. आधारने बटण दाबलं.

सव्वादोन मिनिटं. त्यात गाण्याची एक ओळसुद्धा नव्हती. पेटी लागत होती, ढोलकीवर थाप पडत होती, आणि झुलालनाना खणखणीत आवाजात पेटीवाल्यावर तापले होते, "अरे, वरना सूर दे! जेवाले बसना का तू?" मग घसा साफ केला, जमलेल्या माणसांना जयभीम घातला आणि गाण्यासाठी श्वास घेतला.

तिथे खरखर सुरू झाली.

द्रौपदाबाई यंत्राच्या दिशेने वाकली होती. गालांवर ओघळ होते, पण ती हसत होती.

"असाच वरडे तो," ती म्हणाली. "आते गाणं म्हणी तो. लाव ना मंग पुढे."

आधारने पुन्हा पहिल्यापासून लावलं.