तीन फ्रेमचा फोटो

पौडच्या बाजारपेठेत रईस मुलाणीचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग त्यानं केलेलं, म्हणजे निम्म्या तालुक्याचे रुसवेही त्यानंच झेललेले. आमच्याकडं लग्नाचा व्हिडिओ घरी आला की अख्खी आळी टीव्हीपुढं बसते. ती काही नवरानवरी बघायला बसत नाही, स्वतःला शोधायला बसते. ज्याला आपण दिसलो नाही तो दुसऱ्या दिवशी नवरीच्या बापाच्या दारात हजर, की आम्ही काय परके होतो का? मग तो बाप रईसच्या दुकानात येतो.

यावर रईसनं एक तोडगा काढला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. व्हिडिओ संपत आला की उरलेल्या सगळ्या पाहुण्यांचे फोटो तो एका दमात पळवायचा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एका फोटोला किती वेळ द्यायचा ते आधीच भरून ठेवता येतं. मग कितीही फोटो ओढून टाका, प्रत्येकाला तेवढाच वेळ. रईसनं तो आकडा तीन फ्रेमवर आणून ठेवला होता. एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेम, त्यातल्या तीन. पापणी लवेपर्यंत माणूस येऊन गेलेला असायचा आणि अख्खं वऱ्हाड गाण्याच्या एका कडव्यात बसायचं. कुणी तक्रार घेऊन आलंच, तर रईस बरोबर त्या जागी व्हिडिओ थांबवून दाखवायचा, "हे काय, आहात की तुम्ही." माणूस आल्या पावली परत. मी त्याला एकदा म्हटलं होतं, अरे, ही माणसं आहेत का कावळे, एवढी उडवून लावतोस?

माणूस वाईट नाही. कुणाच्या मयताला बोलावल्याशिवाय जाणारा, उरकाचा, गोड बोलणारा. पण घाई त्याच्या अंगातच आहे. त्याची बायको निलोफर म्हणते, हा चहासुद्धा उभ्यानं पितो आणि मग चटका बसला म्हणून माझ्यावर ओरडतो.

जवळच्या रिहे गावातल्या वैशालीचं लग्न त्यानंच शूट केलं. वैशालीचा चुलता भिकाजी. स्वतःला मूलबाळ नाही, पुतणीला अंगाखांद्यावर खेळवलेलं. लग्नात तो दिवसभर भाताच्या पातेल्यांपाशी, पंगतीत, पाण्याच्या टँकरपाशी. फोटो काढताना जो कधीच जागेवर नसतो, असा प्रत्येक घरात एक असतो. या घरात तो भिकाजी होता. वऱ्हाड गेलं, मांडव सुटायला लागला, रईस कॅमेरा पिशवीत घालत होता, तेव्हा भिकाजी समोर येऊन उभा राहिला. अंगात नवा सदरा, डोकं ओलं करून भांग पाडलेला, शेजारी बायको इंदूबाई, पदर नीट करत.

"आमचा जोडीनं एक काढता का? आमचा कधी निघालाच न्हाई," तो म्हणाला.

रईसनं एक क्लिक केलं आणि गाडीला किक मारली. पुढं तो फोटो उरलेल्यांच्या ढिगात गेला आणि उरलेल्यांबरोबरच पळाला.

व्हिडिओ आला तेव्हा वैशालीच्या घरी आळी जमली. भिकाजी सगळ्यांना सांगत होता, थांबा, शेवटाला आमचा येतोय. शेवट आला, फोटो भुर्रकन गेले, लोक उठले. वैशालीच्या भावानं, प्रदीपनं त्याच्यासाठी पुन्हा एकदा लावला, पण त्यालाही हिंजवडीच्या कंपनीची गाडी घेऊन ड्युटीला निघायचं होतं. तिसऱ्यांदा लाव म्हणायला भिकाजीला लाज वाटली. तो दुसऱ्या दिवशी पौडला आला. दुकानात एक पार्टी लग्नाचं शूटिंग ठरवायला बसलेली. इतरांना रईस थांबवून दाखवायचा ते त्या दिवशी राहिलं. गिऱ्हाइकासमोर तोंड हसरं ठेवून तो म्हणाला, "आहे की काका त्यात. डोळे तपासून घ्या एकदा." पार्टी हसली. भिकाजीही हसला आणि पायऱ्या उतरून गेला. रईस ते विसरूनसुद्धा गेला.

भिकाजी विसरला नाही, हे रईसला कळलं ते भिकाजी वारल्यावर. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. दोन-तीन दिवसांनी इंदूबाई दुकानात आली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला फोटो हवा होता, आणि आधार कार्डावरचा सोडला तर भिकाजीचा फोटो जगात एकच होता.

"तुमच्याकडंच हाय तो, आमच्या जोडीचा," ती म्हणाली. "त्यांना काय दिसला न्हाई बघा शेवटपत्तोर. डोळं गेलं व्हतं त्यांचं."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि तेही आभार मानावेत तसं. रईसभाईनं सांगितलं म्हणून ते शिबिरात डोळे तपासायला गेले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं नजर बरी आहे. ह्यांना पटलं नाही. बाजारातून चष्मा आणला. सवड मिळाली की चष्मा लावून प्रदीपच्या टीव्हीला नाक लावून बसायचे, थांबवून दाखव असं कुणाला म्हणायचे नाहीत, आणि फोटोंच्या वेळी डोळे ताणून धरायचे. मी लई बोलायचे त्यांना, ती म्हणाली. तिच्या पिशवीत तो चष्मा होता, रुमालात गुंडाळलेला. रईसच्या तोंडून एवढंच निघालं की मावशी, फोटो मी घेऊन येतो.

ती गेल्यावर त्यानं जुनी डिस्क काढली. फोटो सापडला. टीव्हीवर लावायचा म्हणून त्यानं तो सॉफ्टवेअरमध्ये ओढला आणि चालू केला. पडदा काळाच. फाइल खराब झाली असं वाटून त्यानं पुन्हा चालू केला. तरी काही नाही. कायतरी पांढरं हललं, एवढंच. मग त्याला सेटिंग आठवलं. तीन फ्रेम तशाच होत्या. वीस वर्षं पडद्यापुढं बसणाऱ्या माणसाला दिसलं नाही, आणि त्या म्हाताऱ्याला आपण डोळे तपासायला धाडलं. रईसला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

निलोफरनं समजावलं की आता सांगून त्या बाईला काय मिळणार? मोठा फोटो करून दे, आणि गप राहा. ती सांगत होती ते काही खोटं नव्हतं. पण गप राहायचं म्हणजे आपला दोष मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर कायमचा ठेवून द्यायचा, हे रईसला गिळवेना.

कार्यक्रमाच्या दिवशी तो सकाळीच दुकानातला मोठा टीव्ही घेऊन रिह्याला गेला. इंदूबाई पांढऱ्या लुगड्यात ओट्यावर बसली होती. तो तिच्यापुढं खाली बसला आणि बोलला, "मावशी, काकांचे डोळे चांगले होते. मीच फोटो पळवला. तो कुणालाच दिसला नसता. मलाही दिसला नाही."

तिनं रुमालात गुंडाळलेला चष्मा मांडीवर घेतला. रईसला वाटलं, शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं.

"मी त्यांना आंधळं म्हणायचे, रईसभाई," ती शेवटी म्हणाली. "सारखं म्हणायचे. आता मी काय करू त्याला?"

आपल्या छातीवरचं ओझं उतरवायला आलो आणि ते हिच्या डोक्यावर ठेवलं, हे रईसला कळलं. तो उठून टीव्हीची वायर जोडायला लागला.

बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, भिकाजीबद्दल चार माणसं बोलली. मग रईसनं फोटो लावला. गाणं नाही, काही नाही. फोटोचा वेळ कमी करता येतो तसा वाढवताही येतो. त्यानं तो पार कार्यक्रम संपेपर्यंत ताणला होता. भिकाजी सरळ कॅमेऱ्याकडं बघत ताठ उभा, वरचं बटण चुकीच्या काजात. इंदूबाई मात्र त्याच्याकडं वळून त्या बटणाचंच काहीतरी सांगत होती. आपण तेव्हा कॅमेऱ्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होतो हे तिला आत्ता कळलं. ती उठली, रुमाल सोडला, चष्म्याच्या काड्या उघडल्या आणि तो टीव्हीपुढच्या स्टुलावर ठेवला, काचा फोटोकडं करून.

लोकांना वाटलं, आता पुढचा फोटो येईल. येईना. माणसं चुळबुळायला लागली. मागून कुणीतरी विचारलं, रईसभाई, अडकलं काय? रईस उठायला गेला.

"ऱ्हाऊ द्या," इंदूबाई म्हणाली. "त्यांचं अजून बघून व्हायचंय."

रईस होता तिथंच खाली बसला, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.