नानांची बदली मोटर

नाना गेल्याची बातमी मला दोनदा आली. पहिल्यांदा आली तेव्हा नाना जिवंत होते.

सुरेशनाना धुळ्यात मोटरी दुरुस्त करायचे. एरंडोलजवळच्या माझ्या केळीच्या मळ्यातली मोटर जळाली की ती उचलून न्यायचे, पण आधी स्वतःची जुनी निळी मोटर विहिरीवर बसवून द्यायचे. "मोटर आजारी शे, केळीनी काय पाप करं?" हे ठरलेलं वाक्य. या हिवाळ्यातही माझी मोटर नेली, निळी बसवली आणि स्वतःच न्यूमोनियानं आडवे झाले. व्हेंटिलेटर पुरेना, तेव्हा जळगावच्या एका रुग्णालयात त्यांना एक्मोवर घेतलं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, वर्षाला, समजावलं: मोठ्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून ऑक्सिजन मिसळायचा, परत आत सोडायचं. हृदय थकलेलं असेल तर वेगळ्या जोडणीनं त्याचाही भार घेता येतो. नानांचं हृदय नीट चालू होतं. यंत्र रोग बरा करत नाही, फुफ्फुसांना सावरायला वेळ देतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं, त्यात रक्तस्रावाचा धोका...

वर्षा म्हणाली, "म्हणजे बाबांना बदली मोटर लावलीय."

तिला एका दमात कळलं ते साक्रीहून आलेल्या भिकनभाऊंना आठ दिवसांत कळलं नाही. हे नानांचे चुलतभाऊ. त्यांच्या घरात नातवाचं लग्न तोंडावर. "बेटा, जीव कव्हाच गया. मशीन फिरी ऱ्हायनं. सोडी दे त्याले." मग हळूच, "आते गया ते सुतक लगीनआधी फिटी जाई."

"काका, त्यांचं हृदय स्वतःचं चालतंय," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

भाऊ लग्नाचा फ्लेक्स छापायला द्यायला गेले, तिथंच नानांच्या श्रद्धांजलीचाही छापून घेतला. तारखेची जागा कोरी. कुणीतरी त्याचा फोटो गावभर फिरवला आणि मी मळ्यात बसून ढसाढसा रडलो. वर्षाला फोन लावला. "काका, मी त्यांचे पाय चोळतेय," ती म्हणाली. मला भाऊंची किळस आली. मग फोटो नीट पाहिला... नाना हसत होते, खांद्यावर निळी मोटर. तो मीच काढलेला. भाऊंनी 'नानांचा एक चांगला फोटो पाठवा' म्हटलं, आणि मी काही न विचारता पाठवला होता. किळस माझ्याच घरी परत आली.

नवव्या दिवशी फुफ्फुसं थोडी उघडली. डॉक्टर हसले, वर्षा पहिल्यांदा पोटभर जेवली. दहाव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला. संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला, तारीख मार्करनं भरलेली. "बरं झालं, छापी ठेवेल व्हता," भाऊ म्हणाले. सुतक लग्नाच्या दोन दिवस आधी फिटलं. नानांनी तेवढीही सोय करून दिली. मी लग्नाला गेलो, जिलबी खाल्ली.

माझी मोटर धुळ्यात त्यांच्या दुकानात उघडी पडलीय. निळी केळीला पाणी देते. परवा वर्षाला म्हटलं, "तुझ्या बाबांची वस्तू, घेऊन जा."

"राहू द्या काका," ती म्हणाली. "दुरुस्त मोटर आणल्याशिवाय बाबा बदली काढत नव्हते."