मिनिममच्या खाली

"मिनिमम," कॉकपिटमधला यांत्रिक आवाज म्हणाला. समोर काचेबाहेर नुसतं पांढरं धुकं. शिर्डीचा रनवे कुठेच नाही.

मिनिमम म्हणजे उतरताना ठरवून दिलेली शेवटची उंची. तिथवर रनवे दिसला तर उतरायचं. नाही दिसला तर इंजिनांना पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. याला आम्ही गो अराउंड म्हणतो.

विमान कॅप्टन राजाध्यक्ष चालवत होते. मी को-पायलट. त्यांचा हात कसलेला आणि स्वभाव धाडसी. घरीही त्यांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर मांडला होता. सकाळीच म्हणाले होते, "काल धुक्यात शिर्डीला विमान तीनदा उतरवलं."

"आणि आपटलं किती वेळा?"

"ते कोण मोजतं?" ते हसले होते.

माझं माहेर राहात्याचं. अण्णा पेरूची बाग सोडून आईला घेऊन एअरपोर्टच्या कुंपणापाशी उभे होते. लेकीचं विमान पहिल्यांदाच त्यांच्या दारात उतरणार होतं. मलाही उतरायचंच होतं.

"सर, गो अराउंड करायचं का?" मी म्हणाले.

"थांब. दिसेल आता."

विमान खालीच चाललं होतं.

"गो अराउंड!" मी ओरडले.

उत्तर नाही. दोन कॉल, म्हणजे सूचना, देऊनही कॅप्टनने ऐकलं नाही, तर को-पायलटने कंट्रोल घ्यायचा असा नियम आहे. मी हात पुढे केला. "आय हॅव—"

तेवढ्यात त्यांनीच थ्रॉटल पुढे ढकलले. विमान वर निघालं.

"अजून एक ट्राय?" त्यांनी विचारलं.

"नको. धुकं तेवढंच आहे. संभाजीनगरला जाऊ."

त्यांनी विमान वळवलं. तिथे उतरल्यावर प्रवासी भडकले. त्यांची दर्शनाची वेळ चुकली होती, पुढे बसने जावं लागणार होतं. मी अण्णांना फोन लावला.

"आवाज आला गं, इमान काय दिसंना. तूच हुतीस व्हय त्यात?"

"हो अण्णा."

"नीट हायेस न्हवं? मंग बास."

रिपोर्ट कॅप्टननी स्वतः लिहिला. चूक स्वतःची, असं स्वच्छ लिहिलं. तरी ट्रेनिंग हेडनी मलाही बोलावलं.

"पहिल्या कॉलला काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"हा कॉल झाला का? त्याला वाटलं, तू परवानगी मागतेयस."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

आम्हा दोघांना कंपनीच्या सिम्युलेटरवर पाठवलं. तेच धुकं, तीच उंची. राजाध्यक्षांनी दिवसभर फक्त गो अराउंड केले. मी दिवसभर फक्त ओरडले. संध्याकाळी त्यांचा खांदा दुखत होता, माझा घसा बसला होता.

धाडसी कॅप्टन पुढेही भेटले. बहुतेक चांगली माणसं होती. त्यांच्याशी बोलताना मी एवढंच पाळते: चहा विचारताना 'सर' म्हणते, गो अराउंड सांगताना नाही.