एकदाच विचारणारी माणसं

पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणणं हा आमच्या शेजारच्या काकांच्या लेखी असभ्यपणाचा कळस आहे. चहा विचारला की “छे छे, आत्ताच झाला”, पुन्हा विचारला की “कशाला उगाच त्रास”, आणि तिसऱ्यांदा, अगदी आपल्यावर उपकार केल्यासारखं, “बरं, अर्धा कप”. तो अर्धा कप काठोकाठ भरलेला नसला तर चेहरा पडलाच म्हणून समजा. इथे अमेरिकेत, श्रूजबरी गावातल्या आम्हा मराठी घरांना हे पाठ आहे, पण अमेरिकनांना कोण सांगणार? एकदा हिमवादळानंतर समोरचा भला गृहस्थ बर्फ काढायचं यंत्र घेऊन आला आणि तुमचाही ड्राइव्हवे साफ करून देऊ का म्हणाला. काका सवयीनं “नो, नो, थँक यू” म्हणाले. तो हात हलवून निघून गेला. तो परत येईल म्हणून काका दुपारपर्यंत खिडकीत उभे. संध्याकाळी फावड्यानं बर्फ ओढता ओढता मला म्हणाले, “माणूस चांगला आहे रे, पण एकदाच विचारतो.”

काकू होत्या तोवर यातलं काही अडत नसे. यांच्या कुठल्या ‘नको’चा अर्थ खरंच नको, हे त्या माउलीला बरोबर कळायचं. त्या गेल्या, आणि पाठोपाठ काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. आता चहा खरोखरच अर्धा कप द्यावा लागतो, नाहीतर सांडतो.

या वसंतात हॉस्पिटलातून फोन आला. एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का? काही जणांना औषध मिळणार, काहींना औषध नसलेली नुसती साधी गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही कळणार नाही. औषधानं कदाचित हात स्थिरावेल, कदाचित भलताच त्रास मागे लागेल. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि “नो, नो” म्हणाले. पलीकडची मुलगी गोड आवाजात “दॅट्स परफेक्टली फाइन” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

काका तडक आमच्याकडे आले. “अरे, मी खरंच ‘नाही’ थोडंच म्हणत होतो! पुन्हा विचारेल असं वाटलं.”

“ती नाही विचारणार, काका,” माझी बायको म्हणाली. “असल्या स्टडीत आग्रह करायचाच नाही, असा रूल असतो. कुणाला मनाविरुद्ध ढकललं जाऊ नये म्हणून.”

“मग तुम्ही सांगा. जाऊ का?”

‘नको नको’ म्हणत असताना या माणसाच्या पानात जिलब्या ढकलणारे आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. जा म्हणावं आणि काही उलटं झालं तर? नको म्हणावं आणि गुण येणारच असला तर? त्यांना भेटायला आलेली त्यांची लेकही “बाबा, डिसिजन तुमचंच” एवढंच बोलली आणि डोळे पुसायला आत गेली. काका आठवडाभर आम्हा सगळ्यांवर चिडून होते. “एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही मत नाही!”

मग एका सकाळी आमच्याच सोफ्यावर बसून, थरथरता हात मांडीखाली दाबून त्यांनी फोन लावला. “आय सेड नो,” ते म्हणाले, “बट आय वॉन्ट टू कम.” खरं सांगतो, त्या क्षणी तो फोन हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. मला भीती वाटत होती.

सही करायच्या दिवशी मीच त्यांना घेऊन गेलो. नर्सनं सगळं पुन्हा समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, भाग घ्या म्हणून तुमच्यावर कुणी दबाव तर आणला नाही ना?

“नोबडी,” काका म्हणाले आणि त्यांनी सावकाश, वाकडीतिकडी सही केली.

आम्ही गाडीत येऊन बसलो. “कुणीच नाही रे,” ते म्हणाले. “तुझी काकू असती तर अडवलं असतं मला. जेवली नसती चार दिवस.”

काका सीटबेल्ट ओढत होते, पण त्याचं टोक खाचेत जाईना. एकदा हुकलं, पुन्हा हुकलं.

“लावून दे रे जरा,” ते म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.